मुद्गपर्णी व माषपर्णी : रानशेंगांच्या गर्दीतून अचूक निवड

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात जे पन्नास महाकषाय वर्णिलेले आहेत, त्यांत अग्रस्थान जीवनीय महाकषायास आहे. जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, मुद्गपर्णी, माषपर्णी, जीवंती आणि मधुक ही त्यातील दहा द्रव्ये वैद्यमात्रास मुखोद्गत असतात. यांपैकी पहिली सहा द्रव्ये अष्टवर्गातील असल्याने त्यांच्या संदिग्धतेवर विपुल लेखन झाले आहे. ती दुर्मिळ आहेत हे भावमिश्रांसही ठाऊक होते; म्हणून मेदा-महामेदाऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा असे प्रतिनिधी त्यांनी सांगून ठेवले. जीवंतीवरही परिसंवाद होतात. मधल्या दोन द्रव्यांकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. ती आपल्याकडे बांधाबांधावर उगवतात, संकलक सहज आणून देतात, भावही फार नसतो. मग चर्चा कशासाठी, असा सर्वसाधारण समज दिसतो.

आमच्या मते हा समजच घोळाचे मूळ आहे. अष्टवर्गातील द्रव्य मिळत नाही हे आपणांस माहीत असते, म्हणून आपण जाणीवपूर्वक प्रतिनिधी घेतो. मुद्गपर्णी-माषपर्णीच्या बाबतीत प्रतिनिधी घेतला जातो तो नकळत, आणि पावतीवर नाव मात्र मूळ द्रव्याचेच असते. च्यवनप्राशाच्या पाठात चरकाचार्यांनी 'चार पर्णी' सांगितल्या आहेत. शालपर्णी व पृश्निपर्णी या दशमुळातील असल्याने त्यांची परीक्षा निदान काही फार्मसींत होते. उरलेल्या दोन पर्णींच्या गोणी बहुधा नाव वाचूनच आत घेतल्या जातात. सुश्रुताच्या काकोल्यादी गणातही ही जोडी आहे, आणि विदारिगंधादी गणात तीच महासहा व क्षुद्रसहा या नावांनी येते. म्हणजे ज्या फार्मसीत बृंहणीय वा जीवनीय कल्प होतात, तिथे या दोन वनस्पतींची खरेदी दरवर्षी होतेच.

नावाने होणारा घोटाळा

'मुगासारखी पाने असलेली ती मुद्गपर्णी, उडदासारखी पाने असलेली ती माषपर्णी' ही व्युत्पत्ती निर्दोष आहे. परंतु तिचे मराठी रूपांतर करताना आपण 'रानमूग' व 'रानउडीद' असे शब्द योजतो आणि तिथे अर्थ निसटतो. मुगासारखी पाने असणे वेगळे आणि मुगाचा जंगली पूर्वज असणे वेगळे. संकलकास 'रानमूग आणा' असे सांगितले की, तो मुगासारखी दिसणारी कोणतीही रानवेल आणण्यास मोकळा होतो, आणि त्यात त्याचा दोष काहीच नसतो.

आपल्या फार्माकोपियाने मुद्गपर्णी म्हणून जी वनस्पती स्वीकारली आहे ती व्हिग्ना ट्रायलोबाटा होय. जुन्या ग्रंथांत व अजूनही काही व्यापाऱ्यांच्या याद्यांत तिचे नाव फॅसिओलस ट्रायलोबस असे आढळते. १९६८ साली वर्डकोर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला व्हिग्ना प्रजातीत आणले. नाव बदलले, वनस्पती तीच. तेव्हा दोन नावे पाहून दोन द्रव्ये समजू नयेत. मात्र ही मुगाची जंगली जात नव्हे. मुगाची खरी जंगली जात म्हणजे व्हिग्ना रेडिएटा, प्रकार सबलोबाटा. मुद्गपर्णीचे नाते मुगापेक्षा मटकीशी अधिक जवळचे आहे, हे ऐकून काही वाचकांस नवल वाटेल.

माषपर्णीची गोष्ट तर आणखी दूरची. स्वीकृत माषपर्णी, म्हणजे टेरॅम्नस लॅबियालिस, ही उडदाच्या प्रजातीतीलच नाही. वनस्पतिशास्त्रीय वर्गीकरणात ती सोयाबीनच्या उपगटात बसते. उडदाची खरी जंगली जात व्हिग्ना मुंगो, प्रकार सिल्व्हेस्ट्रिस ही निराळी असून ती पश्चिम घाटाच्या परिसरात आढळते. 'रानउडीद' या मराठी शब्दावर दोघींचाही हक्क पोहोचतो, आणि तिथेच बाजारातील गोंधळास सुरुवात होते.

काही ज्येष्ठ वैद्य जंगली उडीद हीच खरी माषपर्णी मानतात, याची आम्हांस जाणीव आहे. भावप्रकाशाच्या गुडूच्यादी वर्गात माषपर्णीस पाण्डुलोमशपर्णी, कृष्णवृन्ता, हयपुच्छिका अशी पर्यायनामे दिली आहेत. फिकट, लोमश पान हे लक्षण टेरॅम्नसच्या पानाच्या खालच्या बाजूस फार छान जुळते. पण जंगली उडदाचे पानही केसाळ असते, हे नाकारता येत नाही. पर्यायनामांवरून निर्णय होत नसेल तर गुणांकडे पाहावे. माष हे धान्य गुरू, स्निग्ध व उष्ण, तर माषपर्णी ही शीत, तिक्त व रूक्ष अशी वर्णिलेली आहे. धान्य आणि पंचांग यांची सरळ तुलना करता येत नाही हे मान्य. तरीही उडदाचे गुण नावाच्या आधारे माषपर्णीवर लादू नयेत एवढा इशारा त्यातून मिळतो. ज्यांना आपल्या चिकित्सेत जंगली उडीदच वापरावयाचा आहे त्यांनी तो अवश्य वापरावा, पण तसे स्पष्ट लिहून वापरावा. विक्रीच्या वेष्टनावर जे नाव छापले जाते त्या नावाखाली मात्र एकच वनस्पती असली पाहिजे.

प्रथम काय पाहावे

या सर्व वनस्पती त्रिपर्णी आहेत. एका देठावर तीन पर्णिका, वेल जमिनीवर पसरणारी किंवा दुसऱ्या झुडपावर चढणारी, शेंग लांबट. एवढ्या साम्यावर विसंबणारा मनुष्य फसणारच. म्हणून परीक्षेचा क्रम ठरवून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. साधे दहापट मोठे दाखवणारे भिंग, पांढरा कागद आणि घरातील अख्खा मूग, अख्खा उडीद व मटकी यांचे चार-चार दाणे एवढी सामग्री पुरेशी आहे.

ताजी वनस्पती फुलावर असताना पाहावयास मिळाली तर निम्मे काम तिथेच होते. पिवळे फूल असून त्यातील नौकादल पीळ पडल्यासारखे वळलेले, आणि डाव्या नौकादलावर शिंगासारखा लहान फुगवटा, असे दिसले तर ती मूग, उडीद, मटकी यांच्या गोत्रातील व्हिग्ना होय. मुद्गपर्णी या गोत्रात येते. फूल अगदी लहान, फिकट गुलाबी, जांभळट किंवा पांढुरके असेल, सडपातळ मंजरीवर विरळ लागलेले असेल, तर माषपर्णीची शक्यता धरावी. सुकल्यावर पिवळेपणा व गुलाबीपणा दोन्ही मावळतात आणि फुले गळून चुरा होतात, त्यामुळे गोणीतील मालासाठी पुढील लक्षणे लागतात.

मुद्गपर्णी

मुद्गपर्णी ही बारीक खोडाची, जमिनीवर लोळणारी वेल आहे. दख्खनच्या पठारावर काळ्या जमिनीच्या बांधांवर, पडीक शेतांत व रस्त्याच्या कडेस पावसाळ्यात ती सर्रास दिसते. खोडावर लव नसते किंवा अगदी विरळ असते. पर्णिका लहान, साधारण १ ते २.५ सेंटिमीटर लांब, आणि प्रत्येक पर्णिका स्वतःच तीन खंडांत विभागलेली. मधला खंड सर्वांत मोठा, टोकाकडे रुंद होत जाणारा व बोथट, चमच्याच्या पसरट भागासारखा. ट्रायलोबाटा म्हणजे तीन खंडांची. हे नाव लक्षणावरूनच पडले आहे. भावमिश्रांनी दिलेल्या 'अल्पिका' या पर्यायासही हे लहान पान शोभते. 'मार्जारगन्धिका' या पर्यायाचा प्रत्यय मात्र ताजे पान चुरगळूनही आम्हांस आजवर आलेला नाही.

सर्वांत उपयुक्त लक्षण पानात नाही, ते पानाच्या देठाच्या तळाशी आहे. तिथे असणाऱ्या दोन उपपर्णांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. मुद्गपर्णीची उपपर्णे पर्णिकांच्या मानाने ठळक व रुंद, अंडाकृती ते लांबट असतात. ती तळाशी चिकटलेली नसून ढालीसारखी मधूनच खोडास जोडलेली असतात, त्यामुळे जोडाच्या खालीही उपपर्णाचा काही भाग लोंबताना दिसतो. ढालीसारखी जोडणी मूग-उडदाच्या साऱ्या गोत्रातच आढळते. मुद्गपर्णीत वेगळेपण आहे ते आकारमानाच्या प्रमाणात. सुकलेल्या मालात पर्णिका झडून जातात, पण खोडाच्या पेरांवर ही उपपर्णे बहुधा टिकून राहतात. म्हणून गोणीतून मूठभर काड्या काढून पेरे तपासावीत.

पुष्पदांडा पानापेक्षा पुष्कळ लांब, ताठ, आणि त्याच्या टोकास पिवळ्या फुलांचा लहान झुबका. शेंग २.५ ते ५ सेंटिमीटर, बारीक, गोलसर, पिकल्यावर काळपट तपकिरी, जवळजवळ लवहीन. बी लहान, मुगाच्या दाण्यापेक्षा पुष्कळच बारीक.

आता तिच्या नातलगांकडे वळू. मटकी, म्हणजे व्हिग्ना ॲकोनिटिफोलिया, हिच्या पर्णिकाही खंडित असतात, आणि मुद्गपर्णीत भेसळ वा अदलाबदल होते ती बहुधा तिचीच. मटकीचे खंड अरुंद, खोल चिरलेले व टोकदार असतात. कधी तीन, कधी पाच. चमच्यासारखा बोथट मधला खंड मटकीत दिसत नाही. उपपर्णे अरुंद व भाल्याच्या पात्यासारखी, नजरेत न भरणारी. खोडावर लव स्पष्ट. मटकीचे पीक काढल्यावर उरणारा पाला व काड स्वस्तात मिळते हे वाचकांस सांगावयास नकोच. मकुष्ठ हे ग्रंथांत स्वतंत्र द्रव्य आहे, त्याच्या भुसकटास मुद्गपर्णी म्हणता येणार नाही.

जंगली मुगाच्या पर्णिका अंडाकृती, अखंड किंवा फार तर उथळ खंडांच्या असतात, आणि त्या मुद्गपर्णीपेक्षा मोठ्या. खोडावर तपकिरी केस. शेंगांवर आखूड दाट लव असते आणि दांड्याच्या टोकापासून त्या चहूबाजूंस पसरलेल्या वा खाली झुकलेल्या दिसतात. जंगली उडदाच्या शेंगा याउलट वर उभ्या राहू पाहतात आणि त्यांवरील केस लांब असतात. ही खूण लागवडीच्या मूग-उडदातही दिसते, म्हणून शेतावर उभे राहून ती कोणासही शिकता येते.

शेंगा फुटून गेल्या असतील तर बियांची नाभी पाहावी. अख्ख्या उडदाचा दाणा हाती घेतला की, काळ्या टरफलावर एक पांढरी रेघ दिसते. भिंगातून पाहिल्यास ती मधे खोलगट असून तिच्या कडा उंच उचललेल्या आढळतात. मुगाच्या दाण्यावरही पांढरी नाभी असते, पण ती सपाट, कडा न उचललेली. जंगली जातींतही हाच भेद कायम राहतो. दाणा लहान व रंग मळकट असला तरी नाभी खोटे बोलत नाही. काळपट, लहान, उंच कडांची नाभी असलेले बी 'माषपर्णी'च्या गोणीत सापडले तर ती गोणी जंगली उडदाची समजावी.

दक्षिणेकडून येणाऱ्या मालाविषयी एक सूचना. व्हिग्ना स्टिप्युलॅसिया ही जाडसर खोडाची, मोठ्या उपपर्णांची, उथळ खंडांची किंवा अखंड पर्णिकांची वेल पूर्वीच्या अनेक ग्रंथांत व्हिग्ना ट्रायलोबाटामध्येच मोडली जाई. आज तिला वेगळी जाती मानतात. जुन्या ग्रंथातील चित्राशी पडताळा घेणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

माषपर्णी

माषपर्णी कुंपणांवर, रानाच्या कडेला, झुडपांच्या आधाराने चढणारी नाजूक वेल आहे. पर्णिका अखंड, अंडाकृती ते लंबगोल, १.५ ते ५ सेंटिमीटर, तिन्हींपैकी टोकाची मोठी. वरची बाजू हिरवी. खालच्या बाजूस चिकटून बसलेली रेशमी लव, त्यामुळे ती करडी-रुपेरी दिसते. सुकलेले पान पालथे करून उजेडात तिरके धरले तर ही चकाकी लक्षात येते. पाण्डुलोमशपर्णी हे नाव आम्हांस या क्षणी आठवतेच.

परंतु माषपर्णीची खरी मोहोर तिच्या शेंगेच्या टोकावर आहे. शेंग सडपातळ, चपटी, ३ ते ६ सेंटिमीटर लांब, केसाळ, आणि तिचे टोक वरच्या दिशेस आकड्यासारखे वळलेले. ही चोच म्हणजे फुलातील कुक्षिवृंताचा टिकून राहिलेला भाग. वाळलेली, दोन फाकांत उघडलेली, अर्धी मोडलेली शेंग असली तरी तो वाकडा आकडा टिकून राहतो. एका गोणीत असे दहा-वीस आकडे मिळाले तर मन निश्चिंत होते. एकही न मिळाल्यास गोणी बाजूला ठेवावी. आतील बिया आठ ते बारा, लांबट, गुळगुळीत, तांबूस तपकिरी ते काळपट. त्यांच्या नाभीवर उडदासारखी उंच पांढरी कड नसते.

ज्यांना ताजे फूल मिळेल त्यांनी एक गंमत पाहावी. भिंगाखाली फूल उकलले तर दहा पुंकेसर मोजता येतात, पण त्यांतील एकाआड एक असे पाचच सफल, उरलेल्या पाचांचे परागकोश खुरटलेले. आपल्याकडील सामान्य रानशेंगांत ही रचना इतरत्र सहसा आढळत नाही.

माषपर्णीच्या नावाखाली येणाऱ्या आणखी दोन वेली सांगणे जरूर आहे. ऱ्हिंकोशिया मिनिमा ही बारीक वेल कुंपणावर माषपर्णीच्या शेजारीच वाढते. तिच्या पर्णिका चौकटच्या आकाराकडे झुकणाऱ्या असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूस राळेचे पिवळसर सूक्ष्म ठिपके भिंगातून स्पष्ट दिसतात. शेंग जेमतेम १ ते २ सेंटिमीटर, विळ्यासारखी, आत दोनच बिया. दुसरी कजानस स्कॅराबिऑइडिस, म्हणजे वेलीच्या रूपातील तुरीचा भाऊबंद. तिचे पान करडे, मखमली व ठिपकेदार. शेंग आखूड, दाट केसाळ, आणि दोन बियांच्या मधे आडव्या खाचा पडलेल्या. दोघींचीही फुले पिवळी. राळेचे ठिपके ही दोहोंस बाद करणारी सोपी खूण आहे. माषपर्णीच्या पानावर ती नसते.

एका गोणीची हकीकत

काही काळापूर्वी आमच्या परिचयातील एका फार्मसीचे मालक दोन पिशव्यांत नमुने घेऊन आमच्याकडे आले. एकीवर 'मुद्गपर्णी पंचांग', दुसरीवर 'माषपर्णी पंचांग' अशा चिठ्ठ्या होत्या. अवलेहाची तयारी सुरू व्हावयाची होती, आवळाही सांगून ठेवलेला होता. आम्ही दोन्ही नमुने कागदावर पसरले. पहिल्यात अरुंद टोकदार खंडांच्या पर्णिका, चिंचोळी उपपर्णे व लवयुक्त काड्या. म्हणजे मटकीचे काड. दुसऱ्यात वाकड्या चोचीची एकही शेंग नव्हती. होत्या त्या लांब केसांच्या शेंगा आणि उंच कडांची नाभी असलेले काळपट दाणे. शिवाय अधूनमधून ठिपकेदार पानांची दुसरीच वेल.

मालक म्हणाले, "वैद्यराज, मी फोनवर रानउडीद मागवला आणि त्याने रानउडीदच पाठवला. मग त्याला बोल कसा लावायचा?"

प्रश्न अगदी रास्त होता. दुसऱ्या गोणीबाबत व्यापाऱ्याने शब्दशः मागणी पुरी केली होती. पावती निर्दोष, वजन बरोबर, माल स्वच्छ व कोरडा. आणि तरीही चार पर्णींपैकी दोन पर्णी त्या पाठातून गळणार होत्या. रुग्णास अपाय झाला नसता, हे खरे. पण ज्या जीवनीय द्रव्यांच्या नावावर तो कल्प दुर्बल, क्षीण रुग्णाच्या हाती ठेवला जातो, ती द्रव्ये त्यात नसती. शंभर ग्रॅमच्या बरणीमागे किती फरक पडतो, असे म्हणणारेही भेटतात. त्यांना आमचा उलट प्रश्न असतो की, एवढ्याने फरक पडत नसेल तर पाठातून ती नावे वगळण्याची तयारी आहे काय?

त्या मालकांनी दोन्ही गोण्या थांबविल्या आणि पुढच्या मागणीपत्रात 'रानमूग', 'रानउडीद' हे शब्दच काढून टाकले. आता ते शास्त्रीय नाव लिहितात आणि त्याखाली मराठीत एक ओळ जोडतात : 'वाकड्या टोकाच्या शेंगांसह'. संकलकास शास्त्रीय नाव कळत नाही, पण ही ओळ कळते. वनस्पतींचे नाव व रूप शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनी म्हटले आहे. त्यांना रूप सांगितले तर ते रूप आणतात. आपण केवळ नाव सांगतो आणि तेही संदिग्ध.

खरेदी व नोंद

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील परिशिष्ट 'टी' २००० साली लागू झाल्यापासून कच्च्या मालाची ओळख, पुरवठ्याचे मूळ व आवक दिनांक यांची नोंद ठेवणे ही फार्मसीची जबाबदारी आहे. ही नोंद पुष्कळदा चिठ्ठी चिकटविण्यापुरती राहते. प्रत्येक आवकेतील मूठभर माल, त्यात निदान पाच शेंगा व काही पेरे यावीत अशा बेताने, काचेच्या बाटलीत राखून ठेवावा. वाद उद्भवल्यास तीच साक्ष.

खरेदी शेंगा धरल्यानंतर करावी. पावसाळ्याच्या मध्यास काढलेला माल हिरवा व वजनदार असतो, व्यापाऱ्यास तो सोयीचा. परंतु त्यात शेंगही नाही आणि बीही नाही, म्हणजे परीक्षेची साधनेच नाहीत. फूल संपून शेंगा तपकिरी होऊ लागल्या की, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उपटलेले पंचांग घ्यावे. फार उशीर झाला तर शेंगा फुटून बी उडून जाते.

चूर्ण विकत घेऊ नये. वर सांगितलेली जवळजवळ सर्व लक्षणे दळताक्षणी नाहीशी होतात. लव आणि राळेच्या ग्रंथी तेवढ्या सूक्ष्मदर्शकाखाली उरतात, आणि त्यावरून या गोत्रातील जाती वेगळ्या करणे प्रयोगशाळेचे काम आहे, दुकानातील परीक्षेचे नव्हे.

शंका उरलीच तर बी पेरून पाहावे. २००२ साली जपानी संशोधक तोमोओका व सहकाऱ्यांनी मूग-उडदाच्या आशियाई गोत्राचे जे तीन विभाग मांडले, त्यांत रोपाची रचना फार उपयोगी ठरते. मूग, उडीद व त्यांच्या जंगली जाती उगवताना बीजदले जमिनीच्या वर येतात आणि पहिल्या पानांची जोडी देठाविना खोडास चिकटलेली असते. मटकी व मुद्गपर्णी यांचीही बीजदले वर येतात, पण पहिल्या पानांना देठ असतो. तिसऱ्या विभागात, ज्यात सह्याद्रीतील व्हिग्ना डाल्झेलियाना येते, बीजदले मातीखालीच राहतात. आठवड्याभरात उत्तर मिळते आणि खर्च कुंडीभर मातीचा. मुद्गपर्णी मटकीपासून वेगळी करण्यास मात्र ही परीक्षा अपुरी आहे. तिथे खंडित पर्णिका येईपर्यंत थांबावे लागते.

रानबियांचे टरफल कठीण असते, ती तशीच पेरली तर महिना-महिना उगवत नाहीत. नाभीच्या विरुद्ध बाजूस पॉलिश पेपरवर हलकेच घासून रात्रभर पाण्यात ठेवावीत. जी फुगतील ती पेरावीत. ज्यांच्याकडे फार्मसीच्या आवारात थोडी मोकळी जागा आहे त्यांनी जूनमध्ये दोन छोटे वाफे करून खात्रीच्या बियांपासून दोन्ही पर्णी लावाव्यात. मुद्गपर्णीस मोकळी जमीन द्यावी, ती पसरते. माषपर्णीस काठीचा वा कुंपणाचा आधार लागतो. तणनाशक मारलेल्या बांधावरचे बी घेऊ नये, आणि दोन वाफ्यांमध्ये निदान चार हात अंतर ठेवावे, नाहीतर सप्टेंबरपर्यंत दोन्ही वेली एकमेकींत गुंततात आणि मजुरास वेगळ्या उपटता येत नाहीत.